बारा एनमॅप आणि एक साहेब

सकाळी सव्वानऊला पतसंस्थेतून फोन आला. काउंटरवर रांग, पासबुक छापलं जाईना, सर्व्हर मेल्यासारखा. "तुमच्या त्या स्कॅनिंगनेच घात केला," साहेब सगळ्यांसमोर ओरडत होते, ते मला फोनवरही ऐकू येत होतं. पोचलो, तर लॉगिन व्हायलाच चार मिनिटं. टॉप लावलं आणि पोटात गोळा आला. एनमॅप, त्याखाली एनमॅप, पुन्हा एनमॅप. मोजले. बारा! मशीन चार कोअरचं, आणि बिचारा डेटाबेस कुठेतरी तळाला.

रात्री दहा ते सकाळी नऊ, दर तासाला एक. आधीचा आटोपला की नाही, हे क्रॉन विचारत बसत नाही. वेळ झाली की पुढचा सोडतो. आणि रात्रभरात एकही संपला नव्हता.

मी मुळात रोज रात्री एकदाच, नेहमीच्या हजार पोर्टांवर एनमॅपचं स्कॅन लावलं होतं. पाऊण तासात आटपायचं. "सगळे पोर्ट बघा, अहवाल दर तासाला पाहिजे" हे साहेबांचं, आदल्या संध्याकाळी फोनवरून. सगळे म्हणजे ६५,५३५, म्हणजे पासष्ट पट. वेळेत बसावं म्हणून मी मिन-रेट, म्हणजे स्कॅनचा किमान वेग, चढवून ठेवला, ती चूक माझी, कबूल. पण वेगळं मशीन मागितलं तेव्हा "सर्व्हर रात्री रिकामाच असतो की" हे कोण म्हणालं होतं? नंतरच्या मीटिंगमध्ये साहेबांना यातलं काहीच आठवेना. माझ्या फोनमध्ये त्या कॉलची सहा मिनिटं दिसतात, बोलणं कुठून दाखवू?

तर, तुमच्यावर ही वेळ यायला नको असेल तर क्रॉनची ओळ 'फ्लॉक -एन'मधून चालवा. आधीचं स्कॅन चालू असेल तर नवं सुरूच होत नाही. एवढी एक ओळ मी लिहिली असती तर त्या दिवशी निवांत चहा प्यायलो असतो. नाइस १९ जरूर लावा, पण दुसऱ्या कुणाला प्रोसेसर हवा असेल तेव्हाच तो मागे सरतो, आणि नेटवर्कवरचा भार त्याने कमी होत नाही. पक्का लगाम हवा तर सिस्टमडीचा सीपीयू-कोटा. ३० टक्के दिलेत तर एका कोअरच्या तेवढ्याच वाट्यावर काम चालतं. मिन-रेटच्या नादी लागू नका, मॅक्स-रेट बांधा. एनमॅपचा टी-टू सौम्य आहे, पण दोन पाकिटांमध्ये ०.४ सेकंद थांबतो. सगळे पोर्ट म्हटले तर एका यंत्राला सात तासांच्या वर. व्हर्जन ओळखणं आणि स्क्रिप्ट आठवड्यातून एकदा पुरे.

आणि काम बदलायला सांगितलं की व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, एक ओळ लिहून मागा. लाजू नका. माझं बिल अजून निघालेलं नाही.