पाठीतून उठलेली कळ

आईला कळ आली ती छातीत नव्हे, पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. पानं वाढता वाढता ती ओट्याला धरून खाली बसली. "आत काहीतरी टरकन फाटलं गं," एवढंच म्हणाली. वय ७६, बीपीचा त्रास जुना. नाशिकच्या सिडकोतल्या जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, तो बरा आला. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. कळ ओसरली, सगळ्यांना हायसं वाटलं. या दुखण्यात हे ओसरणंच फसवं असतं. रात्री तिचा पाय गार पडला, तेव्हा मोठ्या रुग्णालयात धावलो.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं. उजव्यात १७०, डाव्यात जेमतेम ११०. पट्टा पुन्हा बांधून पाहिला, तेच. लगेच सीटी अँजिओ झाली. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा आतला थर फाटून रक्त थरांमध्ये घुसलं होतं. डॉक्टर याला डायसेक्शन म्हणतात. फाट हृदयालगत असेल तर तातडीची शस्त्रक्रिया हाच मार्ग. फक्त खाली उतरणाऱ्या भागात असेल तर बऱ्याचदा औषधांवर किंवा स्टेंटवर भागतं. आईची हृदयालगत होती.

"या वयात ताईची चिरफाड कशाला?" मामा म्हणाले. सर्जननी काही लपवलं नाही. जगभरच्या नोंदी पाहता शस्त्रक्रिया होऊनही साधारण पाचांतला एक जण दगावतो, ऐंशीपुढे धोका आणखी वाढतो. शस्त्रक्रिया केलीच नाही तर पहिल्या दोन दिवसांत निम्म्याच्या आसपास माणसं जाऊ शकतात. पण वयापेक्षा ते रुग्ण कुठल्या अवस्थेत येतो ते बघत होते: शुद्ध आहे का, बीपी टिकलंय का, मेंदूला, किडनीला, पायांना रक्त पोचतंय का. दवाखान्यातून घरी परतल्यावर गेलेले तास म्हणूनच मला आजही सलतात.

मग त्यांनी थेट तिलाच विचारलं, "आजी, करायचं का?"

"मला घरी जायचंय. त्यासाठी लागेल ते करा," ती म्हणाली. आमचा वाद तिथंच मिटला.

प्रत्येकाला अशी शुद्ध राहत नाही. ही शस्त्रक्रिया विकसित करणारे अमेरिकी सर्जन मायकेल डिबेकी यांनाच वयाच्या ९७व्या वर्षी, २००५च्या अखेरीस, हे दुखणं झालं. त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला होता. पुढे शुद्ध हरपल्यावर बराच खल होऊन २००६च्या फेब्रुवारीत ती केली गेली. कित्येक महिने रुग्णालयात काढून ते बरे झाले आणि २००८पर्यंत जगले. प्रत्येक घराने यातून आशा धरावी असं मी म्हणणार नाही. पण आपल्या आईवडिलांना काय हवं, काय नको, हे धडधाकट असतानाच विचारून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता आहे. २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते करता येतं.

आई वाचली. मात्र आयसीयूत ती आम्हाला ओळखेना, नळ्या ओढायची, भिंतीवर मुंग्या दाखवायची. म्हाताऱ्या माणसांत मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम अनेकदा होतो आणि बहुतेकदा उतरतो. तिचा चष्मा दिला, खिडकीचा पडदा उघडला, रोज एकच माणूस जवळ बसू लागलं, तसा फरक पडला. पायातली ताकद यायला फार वेळ लागला.

एकाएकी, असह्य, फाडल्यासारखी कळ उठली आणि ईसीजी बरा आला, तर "महाधमनीची सीटी करायची का?" असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दोन्ही हातांचं बीपी घ्यायला सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका, आणि रुग्णाला दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका. १०८ला फोन करा. नाशिकमध्ये रात्री हृदयशस्त्रक्रिया कुठे होते हे आजच माहीत करून घ्या. मुंबईला हलवायची वेळ आली तर कसारा घाट उतरण्याआधीच सीटीच्या प्रतिमा तिथल्या सर्जनपर्यंत पोचलेल्या असाव्यात. बीपीची गोळी बरं वाटतं म्हणून बंद करू नका, कारण या फाटीमागे बहुतेकदा आटोक्यात नसलेलं बीपीच असतं.

रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावं. दादाच्या इकोत महाधमनी थोडी रुंदावलेली निघाली. त्याला काहीच त्रास नव्हता. आता तो बीपीची गोळी घेतो आणि ठरल्या वेळी पुन्हा तपासणी करून येतो.