पित्तरस, आहार आणि मध्यम मार्ग

कायगतासतीच्या साधनेत शरीराच्या बत्तीस घटकांचे स्मरण केले जाते. केस, लव, नखे, दात अशा क्रमाने पुढे जाणाऱ्या त्या यादीत ‘पित्त’ हाही एक घटक आहे. आपल्या नित्याच्या बोलण्यात ‘पित्त झाले’ म्हणजे छातीत जळजळ आणि आंबट ढेकर. तो त्रास बहुधा जठरातील आम्लाचा असतो. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला पित्तरस वेगळा आहे. तो यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि चवीला कडू असतो.

चरबी पाण्यात विरघळत नाही. जेवणातील तेल-तूप लहान आतड्यात उतरले की पित्ताशय आकुंचन पावते, आणि पित्तरसातील पित्ताम्ले साबणाप्रमाणे त्या चरबीचे सूक्ष्म कण करतात. त्यामुळे ती पचते. ही पित्ताम्ले यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते. त्यांच्या रचनेवरील संशोधनासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख वीलांट यांना १९२७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीर पित्ताम्ले वाया घालवीत नाही. काम झाल्यावर सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले आतड्यातून शोषली जाऊन यकृताकडे परततात. दिवसातून अनेकदा ही फेरी होते. रोज सुमारे अर्धा ग्रॅम शौचावाटे बाहेर पडते, आणि तेवढी भरपाई यकृत कोलेस्टेरॉल खर्चून करते. आहाराचे महत्त्व नेमके येथे आहे. डाळी, कडधान्ये, भाज्या व फळे यांतील तंतू काही पित्ताम्ले धरून बाहेर नेतात. मग यकृताला नवी पित्ताम्ले बनवावी लागतात आणि रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते. कोलेस्टिरामिन हे औषधही याच तत्त्वावर चालते.

पित्ताम्ले संदेशवाहकही आहेत, हे १९९९ साली स्पष्ट झाले. पेशींतील विशिष्ट ग्राहकांमार्फत ती साखर व चरबी यांच्या नियमनात भाग घेतात. म्हणूनच मधुमेह आणि यकृतात चरबी साठणे या विकारांच्या अभ्यासात आज त्यांचा विचार होतो. अतिस्निग्ध आहाराने मोठ्या आतड्यात जास्त पित्ताम्ले पोहोचतात. तेथील जिवाणू त्यांचे रूपांतर करतात, आणि अशा रूपांतरित आम्लांच्या दीर्घकालीन आधिक्याचा संबंध मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी जोडला जातो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याची जुनी शिदोरी या दृष्टीने पाहावी. ज्वारी-मक्याची भाकरी, नवापूरची तूरडाळ, सातपुड्यातील रानभाज्या आणि जोडीला डोंगरवाटांची पायपीट. आज शहरात बैठी नोकरी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या ताटात तळलेले आणि पाकिटातले पदार्थ वाढले, चालणे मात्र घटले. स्थूलपणाबरोबर कोलेस्टेरॉलचे पित्तखडे होण्याचा धोकाही वाढतो.

तथापि उपासमार हाही उपाय नव्हे. दीर्घ उपवासात पित्ताशय पुरेसे आकुंचन पावत नाही व पित्त तेथेच साचून राहते. झपाट्याने वजन उतरविणाऱ्यांतही खडे होण्याचे प्रमाण वाढते.

पालकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्या भागात सिकलसेल आजार आढळतो. त्यात तांबड्या रक्तपेशी लवकर फुटतात, बिलिरुबिन वाढते आणि लहान वयातही पित्ताशयात खडे होऊ शकतात. त्यासाठी मुलाच्या खाण्याला दोष देऊ नये. पोटात उजवीकडे वरच्या बाजूस दुखणे, डोळे अधिक पिवळे होणे किंवा ताप दिसताच त्याला रुग्णालयात न्यावे.

कोसलराज प्रसेनजित अतिआहाराने जड होऊन धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला, तेव्हा तथागतांनी त्याला भोजनातील मात्रा जाणण्याचा उपदेश केला. राजाने आहार क्रमाक्रमाने कमी केला आणि त्याचे शरीर हलके झाले. एकदम उपाशी राहण्याचा मार्ग त्याने धरला नाही. अतिभोजन आणि उपासमार ही दोन्ही टोके टाळण्याचा हा मध्यम मार्ग पित्ताशयालाही मानवणारा आहे. शाळेच्या भोजनगृहात लागलेली वेळेवर, मोजके आणि साधे जेवण्याची सवय आपल्या घरीही टिकावी.