घरात काय आहे?

(महिला मंडळांसाठी अभ्यासपाठ)

वाचनभाग : २ राजे ४:१-७

पाठाचा उद्देश : घरी खाद्यपदार्थ करून विकू इच्छिणाऱ्या भगिनींनी काम, भांडवल व हिशेब या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करावा.

प्रास्ताविक

नेपानगर स्टेशनावरून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीपाशी बसले की बऱ्हाणपूर येईपर्यंत, आणि पुढे रावेरच्या बाजूसही, केळीच्या बागा दिसतात. घड कापले जातात, कच्चेच ट्रकांत भरले जातात आणि दूरच्या शहरांकडे रवाना होतात. बागेत निंदणी-खुरपणीला गेलेली बाई सायंकाळी दिवसाची मजुरी घेऊन घरी येते. घडाला भाव चढला तरी तिची मजुरी चढत नाही. भाव पडला म्हणजे मात्र काम कमी होते.

आपल्या गावची गोष्ट थोडी निराळी. १९५६ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी येथील कागद कारखाना राष्ट्राला अर्पण केला, आणि त्याच्या भोवतीच हे गाव वाढले. घरधन्याचा पगार आला की घर चाले. पण २०१६ पासून काही वर्षे यंत्रसामग्री बदलण्यासाठी उत्पादन थांबले व २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा सुरू झाले. मधल्या त्या काळात पुष्कळ भगिनींच्या मनात एकच विचार आला असेल, 'मला काय करता येईल?' आजचा पाठ त्याच प्रश्नाविषयी आहे.

१. वाचनभागाचे मनन

संदेष्ट्यांच्या शिष्यवर्गातील एका माणसाची ही विधवा. नवरा देवभीरू होता, पण कर्ज मागे ठेवून गेला. सावकार तिची दोन मुले दास करून नेण्यास आला आहे. ती अलीशाकडे धाव घेते. अलीशा तिला पैसे देत नाही. घरात काय आहे, असे विचारतो. तेलाच्या एका भांड्यावाचून काहीच नाही, असे ती सांगते. मग तो तिला शेजारणींकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगतो, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. पुढे काय घडले ते आपण वाचले आहे.

तेल वाढले हा देवाचा चमत्कार होय. पण चमत्कारानंतरच्या सूचनेकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तेल विकावे, कर्ज फेडावे, आणि जे उरेल त्यावर मुलांसह निर्वाह करावा, असे अलीशा तिला सांगतो. विक्री तिने करावयाची, देणे तिने फेडावयाचे, उरलेले तिच्याच हाती राहावयाचे. तेल दुसऱ्या कोणी नेऊन विकले असते आणि तिला केवळ ओतण्याची मजुरी मिळाली असती, तर मुले सुटली असती काय?

२. आपल्या प्रांतातील दोन उदाहरणे

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई त्या वेळच्या मध्य प्रांतात आल्या व तेथून अनेक निराधार मुली व विधवा यांना आपल्या आश्रयास घेऊन गेल्या. आपला निमाड जिल्हाही तेव्हा मध्य प्रांतातच होता. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना केवळ अन्न व आसरा मिळाला नाही. विणकाम, दूधदुभते, तेलघाणा, छपाई अशी कामे शिकविण्यात आली. दान घेणारा हात कमावता व्हावा, हा त्यामागील हेतू होता.

दुसरे उदाहरण सर्वांच्या ताटातले आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांपैकी एक. भांडवल होते ८० रुपये, तेही सामाजिक कार्यकर्ते छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. हाच पुढे 'लिज्जत पापड'चा श्री महिला गृह उद्योग झाला. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. आज हजारो बहिणी तिच्या सभासद आहेत, आणि २०२१ साली जसवंतीबेन यांना पद्मश्री जाहीर झाली.

या संस्थेची कामाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. केंद्रावरून मळलेले पीठ बहिणी घरी नेतात, लाटलेले पापड परत आणून देतात, ते तपासून व वजन करून घेतले जातात आणि लाटण्याचा मोबदला चुकता केला जातो. सभासद केवळ स्त्रियाच होऊ शकतात. त्यांना कामगार न म्हणता बहीण म्हणतात, आणि नफातोट्यात सर्वांचा वाटा असतो. देणग्या घ्यावयाच्या नाहीत व मालाच्या दर्जात तडजोड करावयाची नाही, असे त्यांनी आरंभीच ठरविले. पापड आपल्या आजीलाही लाटता येत होता. त्या सात जणींनी नवीन केले ते एवढेच की, धंद्याची मालकी आपल्याच हाती ठेवली.

३. दूरच्या भगिनींकडून शिकण्यासारखे

पश्चिम आफ्रिकेतील खेड्यांत कसावा नावाचे कंद पिकतात. आपला साबुदाणा ज्यापासून होतो, तेच हे पीक. कंद काढल्यावर दोन-चार दिवसांतच खराब होऊ लागतो. म्हणून तेथील बायका तो सोलून किसतात, आंबवतात, दाबून पाणी काढतात व मोठ्या कढईत भाजून त्याचा 'गारी' नावाचा कोरडा रवा करतात. तो कित्येक महिने टिकतो व बाजारात विकला जातो. हाताने किसताना बोटे सोलवटत. आता मोटारीवर चालणारी किसणी आली आणि कष्ट हलके झाले. परंतु किसणी दुसऱ्याच्या मालकीची असेल तर प्रत्येक टोपलीमागे किसणावळ द्यावी लागते. जेथे बायकांच्या गटाने किसणी स्वतःची घेतली, तेथे तो पैसा गटातच राहतो. यंत्र चांगलेच, पण ते कोणाचे, हे आधी विचारावे.

४. आपल्या गावी काय करता येईल?

पिकलेले केळे चार दिवस टिकत नाही. कच्च्या केळ्याचे वेफर्स पुष्कळ दिवस टिकतात. भाव पडलेल्या दिवसांत स्वस्त मिळणारे केळे अशा रीतीने बाईच्या कामी येऊ शकते. २०२० साली केंद्र सरकारने लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना सुरू केली, तेव्हा बऱ्हाणपूर जिल्ह्यासाठी केळीच निवडण्यात आली. बचत गटातील सभासदास ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल देण्याची तरतूदही तीत होती. अशा कोणत्या योजना सध्या चालू आहेत याची चौकशी मंडळाने जिल्हा कार्यालयात जाऊन स्वतः करावी; मध्यस्थाच्या भरवशावर राहू नये.

तथापि कढई चुलीवर ठेवण्यापूर्वी पुढील गोष्टी ठरवाव्यात :

(अ) माल एकसारखा असावा. केळे पूर्ण भरलेले पण कच्चे घ्यावे, काप एकाच जाडीचे करावेत, तेल काळे होईपर्यंत वापरू नये, वेफर्स पूर्ण थंड झाल्यावरच पिशवीत भरून तोंड बंद करावे. गरम माल भरला की तो मऊ पडतो, आणि एकदा फसलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. विक्रीसाठी अन्न परवान्याची नोंदणीही करून घ्यावी.

(आ) खर्च पुरा धरावा. सालासकट चार-पाच किलो केळ्यांतून साधारण एक किलो वेफर्स निघतात. केळी, तेल, इंधन, मीठ-मसाला, पिशव्या, गाडीभाडे हे आपण लिहितो. पण स्वतःची मजुरी लिहीत नाही. ती लिहिली नाही तर तोटाही नफ्यासारखा दिसतो. मुलांनी खाल्लेला व पाहुण्यांना दिलेला मालही वहीत मांडावा.

(इ) उधारी टाळावी. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, हे खरे. पण उधारीत अडकलेले पैसे म्हणजे उद्याचे तेल होय.

(ई) कर्ज विचारपूर्वक घ्यावे. आठवड्याच्या हप्त्यावर दारात पैसे देणारे आज पुष्कळ आहेत. विक्री सुरू होण्याआधी हप्ता सुरू झाला, तर एक हप्ता फेडण्यास दुसरे कर्ज घ्यावे लागते, आणि वाचनभागातील सावकार पुन्हा दारात उभा राहतो. थोड्या भांडवलावर, थोड्या मालाने आरंभ करावा.

(उ) खाते व वही बाईच्या हाती असावी. घरच्यांनी मदत अवश्य करावी; त्या विधवेचे मुलगेही भांडी आणून देत होते. पण बँकेतील खाते तिच्या नावे असावे, पैसे तिने मोजावेत, आणि महिन्याच्या शेवटी वही सर्व गटासमोर वाचली जावी. लिहिता न येणाऱ्या भगिनीस मंडळातील दुसरीने आकडे लिहावयास शिकवावे. हीदेखील सेवाच आहे.

५. मंडळीचे कर्तव्य

शेजारणींनी रिकामी भांडी दिली नसती, तर तेल कोठे मावले असते? मंडळीजवळ अशी रिकामी भांडी आहेत : आठवडाभर बंद असलेली खोली, सणासाठी ठेवलेली मोठी पातेली, हिशेब जाणणारे निवृत्त बंधू, शहरात नातलग असलेली कुटुंबे. दरवर्षी विधवा भगिनीस एक साडी देऊन आपण समाधान मानतो. साडी द्यावीच, परंतु तिच्या घरात काय आहे, हेही एकदा तिला विचारावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. अलीशाने विधवेला आधी काय विचारले? आपण गरजू भगिनीला आधी काय विचारतो?

२. आपल्या मंडळातील भगिनींना विकता येण्याजोगे कोणते पदार्थ उत्तम करता येतात? यादी करा.

३. त्यांपैकी एका पदार्थाचा किलोमागे खर्च, स्वतःची मजुरी धरून, फळ्यावर मांडा.

४. आपल्या घरी बाईने मिळविलेला पैसा कोणाच्या हाती असतो? यावर मोकळेपणाने बोला.

५. आपल्या मंडळीजवळ कोणती रिकामी भांडी आहेत? त्यांपैकी एक या महिन्यात कोणाला देता येईल?