जुना छकडा

मोटारी खेडोपाडी पोहोचण्यापूर्वी माणसे लांबच्या गावी कशी जात असत? पुष्कळशी पायीच जात. ज्यांच्या दारी बैल होते, ती गाडीने जात. परंतु सगळ्या गाड्या सारख्या नसत. शेणखत, धान्य व कापूस वाहणारी बंडी अवजड असे. लग्नाला, बाजाराला किंवा यात्रेला जायचे झाले, म्हणजे विदर्भातील शेतकरी हलकी गाडी जुंपी. रेंगी, दमणी, छकडा ही अशा गाड्यांची नावे. छकडा अंगाने लहान, वजनाने हलका आणि चालीने वेगवान.

वर्धा जिल्ह्याला अशा गाडीस शोभणारा बैलही लाभला आहे. गवळाऊ जातीचा हा पांढरा किंवा राखी रंगाचा बैल सडपातळ व चपळ असतो. आर्वी, आष्टी, कारंजा हा त्याचा मूळ मुलूख. याच जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात गिरड हे गाव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान दोघेही तेथे भक्तिभावाने येतात.

हिवाळ्यात विदर्भात ठिकठिकाणी शंकरपट भरतो. हलक्या छकड्याला बैलजोडी जुंपून धुरकरी आपली गाडी शर्यतीत पळवतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट विशेष नावाजलेला आहे. परंतु शर्यतीच्या ईर्ष्येने मुक्या जनावरांचा छळ होतो, म्हणून ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती थांबवल्या. पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रात त्यांना अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा याविषयीचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या काळात कित्येक छकडे गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिले. वापर थांबला, की गाडीला वाळवी लागते, आणि गाडी घडवणाऱ्या हातांचीही सवय सुटते.

अशा एका पडून राहिलेल्या छकड्याची आणि तो पुन्हा उभा करणाऱ्या बापलेकीची आपण कल्पना करू या. त्यांचे घर गिरडमध्येच आहे, असे समजू. मुलगी तेरा वर्षांची आहे. छकडा तिच्या आजोबांच्या वेळचा. त्यावर तुराट्यांचा भारा ठेवलेला. एक चाक कललेले.

वडील म्हणाले, “याच्यात आता काय राहिले आहे? मोडून टाकू. लाकूड चुलीला तरी होईल.”

मुलगी म्हणाली, “बाबा, मोडण्यापूर्वी यातले काय चांगले आहे, ते एकदा पाहू या ना.”

वडिलांनी मान डोलावली. दोघांनी भारा उतरवला, धूळ झाडली आणि गावातील वृद्ध वाढईकाकांना बोलावून आणले. वाढई म्हणजे सुतार. काकांनी प्रथम हत्यारे काढलीच नाहीत. त्यांनी छकड्याच्या प्रत्येक भागावर लाकडी ठोकळ्याने हळूच ठोकून पाहिले. लाकूड धड असेल तेथे आवाज खणखणीत येई. पोखरलेले असेल तेथे भद्द. मुलीने खडू घेतला आणि भद्द वाजेल तेथे फुली मारली. सगळा छकडा तपासून झाल्यावर मोजले, तर फुल्या पाचच होत्या.

“पाहिलेत?” काका वडिलांना म्हणाले. “पाच दुखण्यांसाठी तुम्ही सगळा छकडा चुलीत घालणार होता. जे धड आहे, त्याला हात लावायचा नाही. जे गेले आहे, तेवढेच बदलायचे.”

पाच फुल्यांपैकी दोन गाडीच्या साट्यावर होत्या. तेथील बांबू बदलणे सोपे होते. उरलेल्या तीन मात्र चाकाच्या होत्या, आणि चाक हीच या विद्येची खरी परीक्षा. चाकाच्या मधोमध तुंबा असतो. तुंब्यात आरे बसवलेले असतात. आऱ्यांची बाहेरची टोके वाकड्या लाकडी तुकड्यांत शिरतात. त्यांना पुठे म्हणतात. या सर्वांना बाहेरून आवळून धरणारे लोखंडी कडे म्हणजे धाव. चाकात एकही स्क्रू नसतो आणि सरसही नसतो. प्रत्येक तुकडा दुसऱ्याला धरून असतो, म्हणून चाक टिकते.

तीन आरे नवे करायचे ठरले. त्यासाठी काकांनी बाभळीचे जुने, पुरते वाळलेले लाकूड निवडले. ओल्या लाकडाचा आरा पुढे वाळून आकसतो आणि सैल पडतो. दोन आरे वडिलांनी घडवले. तिसरा मुलीने हट्टाने मागून घेतला. तुंब्याच्या भोकात बसणारे आऱ्याचे टोक, म्हणजे कुसू, ती पटाशीने तासू लागली. घाईघाईत तिने कुसू थोडे जास्तच तासले. आरा भोकात बसला खरा. पण बोटाने हलवताच डुगडुगला.

“भोकात चिंधी कोंबू का?” तिने हळूच विचारले.

काका म्हणाले, “कोंबशील, तर आज कोणाला कळणार नाही. पण गाडी उतारावर धावेल, तेव्हा हा आरा भार घेणार नाही. त्याचा भार शेजारचे दोन आरे घेतील, आणि मग तेही जातील. गाडीत तुझे बाबा बसलेले असतील.”

मुलीने आरा काढला. लाकडाचा शेवटचा वाळलेला तुकडा उरला होता. या वेळी ती दर चार घावांनंतर थांबून माप घेऊ लागली. संध्याकाळपर्यंत आरा बसला, तो ठोकूनही हलेना. वडिलांनी तो पाहिला, आणि आपल्या दोन आऱ्यांपैकी एक मुकाट्याने काढून पुन्हा नीट करावयास घेतला.

आता धाव चढवायची होती. चाकाचा व्यास १ मीटर, म्हणजे परीघ सुमारे ३ मीटर १४ सेंटिमीटर. जुनी धाव सैल झाली होती. लोहाराने ती थोडी कापून पुन्हा सांधली आणि तिचा आतला घेर चाकापेक्षा सुमारे १ सेंटिमीटर कमी ठेवला. “लहान कडे मोठ्या चाकावर कसे बसेल?” मुलीने विचारले. उत्तर विस्तवाने दिले. लोखंड तापले, की प्रसरण पावते. १ मीटर लांबीची लोखंडी पट्टी १०० अंश सेल्सिअसने अधिक तापवली, तर तिची लांबी सुमारे १.२ मिलिमीटरने वाढते. त्या हिशेबाने ही धाव ५०० अंशांनी तापली, तर तिचा घेर सुमारे १९ मिलिमीटरने वाढेल.

गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल झाली. चौघांनी ती चिमट्यांनी उचलून चाकावर ठेवली. लाकडातून धूर निघाला. “पाणी!” काका ओरडले. मुलीने घागर ओतली. धाव थंड होऊन आकसू लागली, तसतसे सांधे कुरकुरत एकमेकांत घट्ट बसले.

जुने वाहन दुरुस्त करण्याची ही रीत केवळ खेड्यातलीच नव्हे. मुंबईत जुन्या मोटारींचे मेळावे भरतात. कित्येक घरांत आईवडील व मुले मिळून अशी एखादी मोटार पुन्हा चालती करतात. इंग्लंडमध्ये १९४५ ते १९४९ या काळात एमजी टीसी नावाची दोन जणांनी बसायची वेगवान मोटार तयार होत असे. तिचा पत्रा अ‍ॅश झाडाच्या लाकडी सांगाड्यावर बसवलेला असे. ती दुरुस्त करणारा माणूसही पत्रा काढून आधी लाकूड तपासतो, कुजलेले तेवढेच बदलतो आणि धड असलेले जपतो. छकडा असो वा मोटार, जुन्या कारागिराने कोणता तुकडा कोठे व का बसवला, हे उलगडून पाहिल्याशिवाय समजत नाही. म्हणूनच जुनी वस्तू दुरुस्त करणे हा एक अभ्यास आहे.

छकडा उभा राहिला. शर्यतीत पळवण्याची घाई मात्र कोणी केली नाही. वडिलांनी आसाला वंगण घातले, बैल जुंपले आणि वाढईकाकांना छकड्यातून त्यांच्या घरी पोहोचवले. उतरताना काकांनी आपली पटाशी मुलीच्या हातात दिली आणि म्हणाले, “लाकूड मिळेल, लोखंडही मिळेल. किती तासायचे, हे मात्र बाजारात मिळत नाही. ते तू आता शिकली आहेस. दुसऱ्या कोणाला तरी शिकव.”

स्वाध्याय

१. वाढईकाकांनी छकडा कसा तपासला?
२. सैल आऱ्यात चिंधी कोंबू नये, असे काकांनी का सांगितले?
३. धाव चढवण्यापूर्वी का तापवतात? नंतर तिच्यावर पाणी का ओततात?
४. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू मोठ्या माणसांच्या मदतीने तपासा. तिच्यात काय धड आहे व काय बदलावे लागेल, ते दहा ओळींत लिहा.