पाजणीची खळ आणि मिश्र सूत

मुलांच्या गणवेशाचें कापड पुष्कळदां मिश्र सुताचें असतें. शंभर भागांत ६५ भाग पॉलिएस्टर व ३५ भाग कापूस, हें त्याचें एक नेहमींचें प्रमाण होय. असें सूत मागावर चढण्यापूर्वी त्याच्या उभ्या धाग्यांस खळ पाजावी लागते. या क्रियेस विणकर पाजणी म्हणतात. पाजणी नीट न झाल्यास फणीच्या दातांत घासून धागा केंसाळ होतो व तुटतो. धागा तुटला कीं माग थांबतो, आणि माग थांबला कीं विणणाराची मजुरी बुडते. तेव्हां खळीचा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा नसून पोटाचाही आहे.

खळ पिष्टाची करतात. मक्याचें, बटाट्याचें, किंवा ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचें पिष्ट या कामीं येतें. थंड पाण्यांत तें विरघळत नाहीं. मक्याचें पिष्ट सुमारें ६२ ते ७२ अंश सेंटिग्रेड उष्णतेस फुगून चिकट होतें. पिष्ट व कापसांतील सेल्युलोज हीं दोन्ही ग्लुकोजचीं बनलेलीं भावंडें. म्हणून तीं एकमेकांस घट्ट धरतात. पॉलिएस्टर मात्र या कुळांतील नव्हे. विनफील्ड व डिक्सन या ब्रिटिश रसायनज्ञांनीं १९४१ सालीं शोधलेला हा तंतु पाण्याशीं फटकून वागतो. त्यावर पिष्टाची खळ सैलपणें सुकते. विद्यार्थ्यांनीं एक सुती व एक पॉलिएस्टरचा दोरा खळींत बुडवून वाळवावा व कागदावर धरून वांकवावा. गळलेल्या भुकटीवर आयोडिनचा थेंब टाकतांच निळा रंग दिसेल. ती भुकटी म्हणजेच निसटलेली खळ!

यावर उपाय म्हणून गिरण्या पॉलिव्हिनिल अल्कोहोल वापरूं लागल्या. तें पॉलिएस्टरला चांगलें चिकटतें. परंतु विणकाम झाल्यावर खळ काढावीच लागते, नाहीं तर रंग सारखा बसत नाहीं. पिष्ट काढण्यास आपल्या लाळेंत असतें तशाच जातीचें पाचक द्रव्य पुरतें. धुवणांत गेलेल्या पिष्टाचाही पाण्यावर भार पडतो, पण सूक्ष्म जंतु तें लौकर पचवितात. त्या कृत्रिम द्रव्याचें पचन मात्र फार सावकाश होतें.

मग पिष्टालाच सुधारावें, हें उत्तम. त्याच्या तीन पायऱ्या आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. पहिली, सौम्य अम्लानें पिष्टाच्या लांब सांखळ्या तोडणें; म्हणजे खळ पातळ होऊन धाग्याच्या आंत शिरते. दुसरी, पिष्टाला थोडे ॲसिटेटचे गट जोडणें. पॉलिएस्टरमध्येंही एस्टरबंध असल्यामुळें दोघांची ओळख पटते व खळ अधिक चिकटते. तिसरी, थोडें ग्लिसरिन मिसळणें. त्यायोगें सुकलेला थर लवचिक राहतो व धागा वांकला तरी तडकत नाहीं. परंतु यांतही मर्यादा हवी. फार गट जोडल्यास खर्च वाढतो, व पाचक द्रव्यास पिष्ट ओळखणें कठीण जातें.

आमच्या मतें उत्तम खळ ती, जी विणतांना धाग्यास सोडीत नाहीं आणि विणून झाल्यावर कापडास व नदीस मोकळें सोडते. पालकांनीं गणवेश विकत घेतांना व मुलांनीं तो अंगांत घालतांना या अदृश्य चाकराची आठवण ठेवावी.