पानसोट: तिगावच्या पुतण्यास पत्र

चिरंजीव पुतण्यास, मुक्काम तिगाव.

संपूर्ण समर्पण हे शब्द ख्रिस्ती उपदेशात इतक्या वेळा कानांवर पडतात की त्यांचा अर्थ विचारण्याची गरजही कोणास वाटत नाही. समर्पण म्हणजे एखाद्या सभेत मन भरून येणे नव्हे. निष्ठेचे ठिकाण एकच असणे आणि घर, शेत, पैसा, मान यांचा क्रम त्या एका ठिकाणावरून लागणे, याला समर्पण म्हणतात. याच्या उलट अवस्थेला याकोबाच्या पत्राच्या मराठी भाषांतरात द्विबुद्धी असे नाव आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात विश्वासाच्या वाटेवर धावणाऱ्याने टाकून द्यायच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत: एक भार आणि दुसरे पाप. पाप बहुधा ओळखू येते, पण भार ओळखणे अवघड, कारण तो पुष्कळदा चांगल्याच वस्तूंचा असतो.

संत्र्याच्या बागेत वाढलेल्या तरुणास हा भेद ग्रंथापेक्षा झाडावरून लवकर उमगेल. जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधून केलेल्या कलमाला, खोडातून आणि जाड फांद्यांतून, सरळ वर धावणारी, रुंद पानांची, काटेरी आणि कमालीची जोमदार फूट येते, तिला बागाईतदार पानसोट म्हणतो. तण उपटताना कोणाचाही हात थांबत नाही, पण पानसोट कापताना नवख्याचा थांबतो, कारण साऱ्या झाडावर सर्वांत हिरवेगार तेच दिसते. ते फळ मात्र देत नाही; फळे धरणाऱ्या फांद्यांचा रस तेवढा ओढून घेते. डोळ्याच्या खालून, म्हणजे थेट खुंटातून येणारी फूट त्याहून वाईट, कारण ती राखली तर हळूहळू संत्रा मागे पडतो आणि बागेत जंबेरी उभी राहते.

आजच्या तरुण विश्वासणाऱ्याच्या आयुष्यातील पानसोट कोणते, हे सांगण्यास फार विद्वत्ता लागत नाही. मोबाइलवर एकामागून एक पाहिलेल्या उपदेशकांच्या चित्रफिती, शेवटच्या दिवसांविषयीची भाकिते, या गावच्या आरोग्यसभेतून त्या गावच्या सभेला धावणे, मंडळीच्या पंचांच्या निवडणुकीतील गटबाजी, कोणाचा बाप्तिस्मा खरा यावरचे वाद, हे सर्व विश्वासाच्याच खोडातून फुटते आणि म्हणूनच कोणी त्याला हात लावत नाही. चिरंजीवाच्या गेल्या तीन पत्रांत पाच उपदेशकांची नावे आणि त्यांच्यातील भांडणांचा तपशील आला आहे. शुभवर्तमानातील एकाही वचनाचा उल्लेख आलेला नाही.

या संदर्भात रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांचे चरित्र नीट पाहण्याजोगे आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. तीत ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथेच खिळले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बहुतेक चरित्रांतून हाच प्रसंग रंगवला जातो, परंतु समर्पणाच्या दृष्टीने 1917 चे वर्ष अधिक बोलके आहे. अमेरिकन मराठी मिशनमधील सेवा, पाळकपण आणि कवी म्हणून मिळालेली मान्यता यांत निंद्य असे काहीच नव्हते, तरीही त्या वर्षी त्यांनी मिशनचा संबंध सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी योजना होती. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले. त्यांनी टाकले ते पाप नव्हते, भार होता.

मात्र टिळकांचे सर्वच अनुकरणीय होते असे समजू नये. बाप्तिस्म्याचा निर्णय त्यांनी पत्नीस विश्वासात न घेता केला आणि लक्ष्मीबाईंना त्यापुढील काही वर्षे किती हाल सोसावे लागले, हे त्यांच्याच 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचावयास मिळते. घरच्यांना अंधारात ठेवणाऱ्या निष्ठेत अहंकाराचा अंश असतोच. चिरंजीवाने बागेची कामे आणि आईचे औषधपाणी यांना अडथळे मानून ते सोडण्याची भाषा केली आहे, ती साफ चुकीची आहे. ती कामे फळ धरणाऱ्या फांद्या आहेत.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण वेगळे आहे. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र नाही, ही जाणीव त्यांना पुढे जवळजवळ आठ वर्षांनी झाली. एवढ्या तल्लख बाईस जे कळण्यास आठ वर्षे लागली, ते तिगावात दोन सभांत कळावे अशी घाई कशाला?

येत्या रविवारी उपासनेनंतर चिरंजीवाने मोबाइल घरी ठेवून बागेत जावे आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचे 5 ते 7 हे अध्याय, म्हणजे टिळक ज्यापाशी थांबले ते प्रवचन, सलग व मोठ्याने वाचावे; त्यास अर्धा तासही लागत नाही. पुढील पत्रात उपदेशकांची नावे नसली तरी चालतील, त्या तीन अध्यायांतील एक वचन मात्र अवश्य लिहून पाठवावे.