खंडीचा हिशेब आणि डॉलरचा दर

19 ऑगस्ट 2025 रोजी केंद्र सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. आठ दिवसांनी, 27 ऑगस्टला, अमेरिकेनं बऱ्याचशा भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. तेव्हा आमच्या मराठवाड्यातल्या पाचोडच्या शिवारात कपाशी अजून उभी होती. वेचणीला अवकाश होता, पण तिच्या भावावर परिणाम करणारे दोन निर्णय दिल्ली आणि वॉशिंग्टनमध्ये होऊन गेले होते.

तरीही इथल्या मुलानं ‘मला चलन, रोखे, जागतिक बाजार शिकायचाय’ म्हटलं की घरात धस्स होतं. पोरगं मोबाइलवर सट्टा खेळणार, अशी भीती वाटते. ती भीती खोटी नाही. बाजार नियामक सेबीच्याच पाहणीनुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर 100 व्यक्तींपैकी 93 जणांना तोटा झाला. परदेशी चलनाचे व्यवहार करून देतो म्हणणारी कितीतरी अ‍ॅप बेकायदा आहेत. रिझर्व्ह बँक अशांची सावधगिरीची यादी जाहीर करते. मुलानं त्यात पैसे घालायचे म्हटले, तर पालकांनो, ठाम नाही म्हणा.

पण या क्षेत्रात पगार मिळतो तो हिशेब मांडणाऱ्याला. एक हिशेब दहावीच्या मुलालाही जमेल. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा भाव पौंडाला सेंटमध्ये बोलतात, आपल्याकडे 356 किलोच्या खंडीला रुपयांत. एक खंडी म्हणजे साधारण 785 पौंड. समजा, तिकडे भाव 65 सेंट आहे आणि डॉलर 88 रुपयांना. खंडी पडली 510 डॉलरला, म्हणजे सुमारे 44,900 रुपयांना. डॉलर 90 झाला, तर तीच खंडी 45,900 ची. न्यूयॉर्कचा भाव जागचा हलला नाही, तरी हजार रुपयांचा फरक! वाहतूक-विमा बाजूला ठेवून त्यावर 11 टक्के शुल्क चढवा: आणखी पाच हजार. शुल्क उठलं की हे पाच हजार गळतात. मग सूतगिरणी जिनिंगवाल्याकडून महाग रुई कशाला घेईल? आणि जिनिंगवाला तुमच्या कापसाला चढा भाव कुठून देईल? चलन, वायदा आणि व्यापार धोरण, तिन्ही या एका कागदावर आले.

रोखे त्यामानानं रुक्ष वाटतात. सरकार बाजारातून कर्ज घेतं, त्याचा कागद म्हणजे रोखा. व्याजदर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्याची किंमत उतरते. बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधीचा मोठा पैसा यात असतो, म्हणून हे समजणारी माणसं त्यांना सतत लागतात.

वाट कुठून आहे? दहावीनंतर शाखा कुठलीही घ्या, पण गणित सोडू नका. माझ्या मते मुलं सगळ्यात महाग चूक तिथे करतात. पदवीला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा वाणिज्य. पुढे एम.ए. करायचं तर पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, 1930 पासूनची. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीवर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा देता येते. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, सर्वसाधारण गटाला 60 टक्के गुण हवेत. आयात-निर्यात व्यापारात जायचं असेल तर भारतीय विदेश व्यापार संस्था, म्हणजे आयआयएफटी. सेबीनं स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था चलन वायद्यांपासून शेतमाल वायद्यांपर्यंतच्या प्रमाणपत्र परीक्षा घेते. दलाली पेढीतल्या पहिल्या नोकरीला त्या उपयोगी पडतात. हमीभावानं कापूस घेणाऱ्या कापूस महामंडळात, म्हणजे सीसीआयमध्ये, कृषी पदवीधरांचीही भरती होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. लाखाची फी घेऊन महिन्याभरात ‘ट्रेडर’ बनवणाऱ्या क्लासला मात्र एक रुपयाही देऊ नका.

हा विषय आपल्या लोकांचा नव्हे, असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्या विद्यापीठाचं नाव वाचायला सांगा. ते ज्यांच्या नावाचं आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डी.एस्सी. मिळवली, ती रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी. भारतीय चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली.

पालकांनो, यंदा पहिली वेचणी घरात आली की मुलाच्या हाती एक वही द्या. रोज तीन आकडे लिहू द्या: कापसाचा पाचोडचा भाव, न्यूयॉर्कचा भाव, डॉलरचा दर. हंगाम संपेपर्यंत त्यानं ती वही सोडली नाही, तर त्याला या वाटेनं जाऊ द्या.